कपाटावरचा बोतानिका

मित्रांनो, माझ्या 'ओ' अक्षराच्या पोटात किड्याने पाडलेले भोक साडेतीन मिलिमीटरचे आहे. जूनमध्ये ते दोनचे होते. त्यातून गळणारा भुसा आतल्या कागदांवर पडतो.

मी एक जुना शब्द आहे. डिचोलीतल्या एका विद्यालयात, आंब्याच्या लाकडाच्या कपाटावर कुणीतरी मला रोमन अक्षरांत रंगवले. पोर्तुगीजांचा मी बोतानिका, फ्रेंचांचा बोतानीक, जर्मनांचा बोटानिक, इंग्रजांचा बॉटनी. ग्रीकांकडे माझे मूळ म्हणजे नुसता चारा. तुम्ही मला वनस्पतिशास्त्र म्हणता. इतकी नावे असून मला आज एकही तोंड नाही.

माझे चांगले दिवस गोकुळदास सरांचे. चवथीनंतर गणपतीवर टांगलेली माटोळी, म्हणजे रानफळांनी-पानांनी सजवलेली लाकडी चौकट, सोडली, की ते घरोघर जाऊन तिच्यातल्या रानफळांची, पानांची एकेक डहाळी मागून आणत. ती कागदात दाबून वाळवत आणि खाली लिहीत, "नारायण यांची माटोळी. सुर्ला, टेकडीची उत्तर उतरण." मुले माझ्यापुढे गर्दी करत.

पुढे ती टेकडी खाणीत गेली. विषयही बंद झाला. त्या उतरणीवरच्या अकरा वनस्पती आता इथे कुठेच उगवत नाहीत. त्या फक्त माझ्या दारामागे आहेत.

सरांची विद्यार्थिनी कमलाक्षी टीचर या महिन्यात निवृत्त होतात. लेक गौरवी त्यांना फोंड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला बोलावते. तिथे कपाट मावत नाही; टीचरांच्या इथल्या घरात मावते. वर्षभर टीचर एवढेच म्हणतात, "बघूया."

आज खोली रिकामी करायला शिपाई भिकाजी पोती घेऊन आला.

"टीचर, ह्या चवथीचा निर्माल्य. कचऱ्यात घातल्यार पाप लागात. फाल्या सकाळी न्हयच्या पाण्यात सोडतंय."

"निर्माल्य न्हय रे ह्या."

"देवाच्या वयर बांदलेला ना? आनी तुमी चललात फोंड्याक. मगे हेका संबाळतलो कोण? मी?"

मित्रांनो, भिकाजी वाईट नाही. कपाट उघडण्यापूर्वी त्याने चपला काढल्या होत्या. पण भक्तीनेही नाश होतो. ज्याला हात जोडता, ते आधी एकदा वाचून पाहा.

पहिला गठ्ठा पोत्यात गेला. दुसरा गेला. मला ओरडता येत नव्हते.

टीचर उठल्या. पोत्यात हात घालून त्यांनी एक कागद काढला, त्यावरचा भुसा फुंकला, सरांचे अक्षर वाचले. मग फोन लावला.

"गौरवी, मी फोंड्याक येवचंय नाय."