हिंमतरावांच्या पायाखालचा पत्रा

"वैनी, हे बघा!" गोरोबा लोहार मोटारीच्या पोटाखालून ओरडला, आणि मोटारीच्या आत, ब्रेकच्या दांडीशेजारी, बिळातून तोंड काढावं तसं त्याचं काळं बोट पत्र्यातून वर आलं. वर येऊन वळवळलं.

"दिसलं का?"

"दिसलं," दार धरून उभ्या असलेल्या कस्तुराबाई म्हणाल्या. "काढा ते बोट. ती काय कान कोरायची जागा हाय?"

गोरोबा पाठीवर सरपटत बाहेर आला. त्याच्या मिशांवर, भुवयांवर गंजाचा तांबडा चुरा बसला होता. जेजुरीच्या भंडाऱ्यासारखा तो झटकत म्हणाला, "पत्रा न्हाय ह्यो, वैनी. पापड हाय. मागल्या बाजूचा निभंल. म्होरला सगळा कापून काढायला पायजे. मग चांगल्या लोखंडाला धरून नवा ठोकू."

"काढायचा न्हाय."

"मग?"

"जुन्यावर नवा टाका. जुना हाय तिथं ऱ्हाऊ द्या."

गोरोबानं लिंबाजीकडं पाहिलं. लिंबाजीनं मोटारीच्या चाकाकडं पाहिलं. कस्तुराबाईंचा हा मुलगा ढोकीकडच्या एका बागाइतदाराचा ट्रॅक्टर चालवायचा, चार गावांत त्याला मान होता, पण आईपुढं उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. महिनाभर खपून त्यानं मोटारीचं इंजिन सुरू केलं होतं. तेवढी परवानगी होती. इंजिन पुढं होतं. आत, सुकाणूमागच्या बैठकीवर मात्र पाच वर्षांत कुणी बूड टेकलं नव्हतं.

मोटार हिंमतरावांची. निजामाचं राज्य गेलं आणि एका जहागीरदारानं हैदराबादेला जाताना जे जे विकलं त्यात ही काळी मोटार होती. हिंमतरावांनी बैलजोडी मोडून ती घरी आणली, तेव्हा कस्तुराबाई अंगणात सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "बैल शेण तरी देतो. ही काय देणार?" हिंमतराव नुसते हसले होते. मग त्याच मोटारीतून पंचक्रोशीतल्या नवऱ्या सासरी गेल्या, अडलेल्या बायका दवाखान्यात पोचल्या, आणि कळंबच्या बाजारात कस्तुराबाईंना लोक 'मोटारवाल्या पाटलीणबाई' म्हणू लागले. म्हणून घ्यायला त्यांची काही ना नव्हती.

पाच वर्षांमागं एका दुपारी हिंमतराव कळंबहून आले. मोटार अंगणात लावली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरलेच नाहीत. बराच वेळ झाला. कस्तुराबाई पीठ माखल्या हातानं बाहेर आल्या. "उतरायला काय आरती ओवाळू?" असं त्या पायरीवरूनच म्हणाल्या. मग जवळ गेल्या.

जीव जिथून जातो ती जागा सारवतात, तिथं पीठ पसरतात, दिवा लावून वर पाटी पालथी घालतात. सकाळी पिठात पाऊल दिसतं. मुंगीचं, पाखराचं, गेलेला ज्या जन्माला गेला त्याचं. पण जागा म्हणजे घरातली जमीन. हिंमतराव गेले ते पत्र्यावर. नणंद म्हाळसाबाई म्हणाली, "जागा ती जागा." तेव्हा मोटारीचा पत्रा शेणानं सारवला, ज्वारीचं पीठ चाळून पसरलं, दिवा ठेवला. सकाळी पाटी उचलली तर पीठ सगळीकडं सारखं होतं. फक्त दांड्यांच्या पुढ्यात टाचेएवढी एक जागा खाली दबली होती.

"पाखराची न्हाय, किड्यामुंगीची न्हाय," म्हाळसाबाई कुजबुजली होती. "माणसाची टाच. गेला न्हाय गं माझा भाऊ. हितंच बसलाय."

तेव्हापासून दर अमावास्येला कस्तुराबाई मोटारीचा पत्रा सारवत. पोतेरं ओलं करून, गुडघ्यावर बसून, कोपऱ्याकोपऱ्यांतून. गाव काही बोललं नाही, कारण कस्तुराबाईंना बोलायचं म्हणजे आग्यामोहोळात हात घालायचा. तिन्हीसांजा झाल्या की दिवसभर तापलेला पत्रा टक् टक् वाजायचा. धार काढायला जाता जाता त्या मोटारीपाशी थांबत आणि हळू आवाजात दिवसभराचं सांगत. तांबडी गाय पान्हा चोरते. लिंबाजी बाहेर आवाज चढवायला लागलाय. विमलचा निरोप न्हाय. पत्रा टक् करी. कस्तुराबाई म्हणत, "व्हय, माझं बी तेच म्हणणं हाय."

मोटार बाहेर काढायची वेळ आली ती विमलमुळंच. लेक अणदूरला दिलेली. पहिल्या खेपेला तिला बाळंतपणासाठी बैलगाडीतून आणताना वाटेतच पोटातलं गेलं. दगडधोंड्यांचा रस्ता, गाडीची लाकडी चाकं, आणि विमलचं ओरडणं. कस्तुराबाई गाडीतच होत्या. आता पुन्हा दिवस राहिले होते, सातवा लागला होता. सासरी सासू नाही, घरात नुसते पुरुष. अणदूरच्या सुईणीनं, इरम्मानं, निरोप धाडला होता: पोरीला धक्का नको. न्यायचं तर आडवी निजवून न्या, आणि लवकर न्या. आडवी निजेल अशी एकच गादी त्या घराला ठाऊक होती, मोटारीच्या मागल्या बैठकीची.

गोरोबानं खुरप्याचं टोक पत्र्यावरून ओढलं. सारवणाचा पोपडा निघाला. त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा.

"खालून अजून काळा रंग शाबूत हाय जागोजाग," तो म्हणाला. "ह्यो वरनं सडलाय. सारवणाखाली ओल ऱ्हाती, वैनी. मातीला शेण मानवतं. लोखंडाला खातं."



"जल्मभर लोखंड बडवलं म्हणून लोखंडाची सोयरीक सांगू नका मला," कस्तुराबाई म्हणाल्या, पण शब्दांना नेहमीची धार आली नाही.

गोरोबाच्या ते ध्यानात आलं नाही. तो आत वाकून बोटांनी चाचपत होता. "आन् हितं खळगी पडलीया. डायवरची टाच सारखी टेकून टेकून. माझ्या ऐरणीपाशी बी हाय अशी."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. कस्तुराबाई आत वाकल्या. सारवण खरवडलेल्या जागी, दांड्यांच्या पुढ्यात, पत्र्याला वाटीच्या बुडाएवढा खोलगट भाग होता. त्यावर पसरलेलं पीठ खाली बसणारच.

त्यांनी बोटांनी खळगीची कड चाचपली. मग म्हणाल्या, "खळगी त्यांचीच ना?"

"त्यांचीच की. दुसऱ्या कुणाची असंल?"

"मग झालं. वरून टाका."

"वैनी, रिबीट मारायचं कशात? गंजात? लेकाचा पाय खाली जाईल."

"भावजी, तुमाला पत्रा ठोकायला बोलावलंय, पंचांगाला न्हाय."

गोरोबा हिंमतरावांचा लहानपणापासूनचा दोस्त होता.  रॉकेलच्या जुन्या बॅरलचा पत्रा त्यानं सपाट करून आणला होता. तो कातरला, जुन्या पत्र्यावर बसवला, कडेनं रिबीट ठोकले, फटींत डांबर भरलं. प्रत्येक घावाला खालून गंज झडत होता. दिवस कलेपर्यंत मोटारीखालची माती तांबडी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी सुकाणूमागं बसायला आला. दार उघडून घुटमळला.

"बस की," कस्तुराबाई म्हणाल्या.

तो बसला.  घरात पाहुणा आला की आतल्या माणसाला खूण करावी तशी कस्तुराबाईंनी मनातल्या मनात खूण केली, जरा सरका.

गोरोबानं हॅन्डल मारलं. मोटार खाकरली, थरथरली, चालू झाली. लिंबाजीनं अंगणाला एक चक्कर घातली. दुसरी घातली. त्याचा चेहरा खुलला. बापासारखाच एक हात खिडकीवर टाकून त्यानं तिसऱ्या चकरेला थोडा वेग दिला आणि कडब्याच्या गंजीपाशी ब्रेक दाबला.

चरचर असा आवाज आला. नवा पत्रा रिबिटांसकट खाली गेला, त्याबरोबर लिंबाजीचा पाय गेला, आणि मोटार तशीच पुढं जाऊन कडब्यात घुसून बंद पडली.

"लिंबा!"

"काय न्हाय, माय. काय न्हाय." तो पांढराफटक पडला होता. पाय पोटरीपर्यंत पत्र्याच्या दातांत अडकला होता. गोरोबानं खालून हात घालून तो सोडवला. रक्त धोतरावर उतरलं.

कस्तुराबाईंनी लेकाला ओट्यावर बसवलं, पाय धुतला, हळद दाबली, फडकं बांधलं. बांधताना त्यांचे हात एकदम थांबले. गंजीच्या जागी त्यांना अणदूरच्या वाटेवरच्या घाटातला उतार दिसला. मागल्या गादीवर आडवी निजलेली विमल दिसली. आणि ब्रेकवर पायच नव्हता.

"दुखतंय की, माय," लिंबाजी हळूच म्हणाला. त्यांच्या हातात फडकं फारच आवळलं गेलं होतं.

त्या उठल्या. मोटारीपाशी गेल्या.

"छन्नी द्या."

"वैनी, म्या काढतो की. तुमी कशाला?" गोरोबा म्हणाला.

"तुमी त्यांचे दोस्त. तुमचा हात थरथरंल."

"आन् तुमचा न्हाय थरथरायचा?"

"थरथरला तर चार शिव्या घालीन त्याला. आणा हिकडं."

छन्नी आणि हातोडा घेऊन त्या आत शिरल्या. बैठकीवर बसल्या नाहीत. सारवायला बसत तशाच, गुडघ्यावर, दारातून अंग आत घालून बसल्या. वाकलेला नवा पत्रा गोरोबानं आधीच उपसून काढला होता. ती खळगी तेवढी अजून शाबूत होती. तिच्याभोवती सगळं फाटलं होतं.

बाहेर गोरोबानं तोंड वळवलं. त्याला ऐकू आलं ते असं:

"उतरा आता. पोरीला आणायचीय."  मग, "मी वाकडं बोलले व्हते त्या दिशी. त्याचं काय धरून बसलात."

आणि घाव पडला.

कस्तुराबाईंनी अंगातली सगळी ताकद एकवटून घातलेला घाव होता. पण इतक्या ताकदीची गरजच नव्हती. शिळ्या भाकरीसारखा पत्रा मोडला. दुसऱ्या घावाला खळगी सुटली आणि खाली पडली. त्या भोकातून त्यांना आपल्याच अंगणाची माती दिसली, तिच्यावर पडलेला कडबा दिसला, आणि एक कोंबडी, जी मान वाकडी करून वर त्यांच्याकडं बघत होती.

त्यांनी कडेकडेनं चांगलं लोखंड लागेपर्यंत सगळं कापलं. मध्ये थांबल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा कोपरापर्यंत तांबड्या झाल्या होत्या.

"हे तुकडे?" गोरोबानं विचारलं.

"तुमच्या भंगारात टाका. इळा-खुरपं झालं त्याचं तर व्हऊ द्या."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.  लिंबाजीला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोरोबानं मग दोन दिवस लावून काम केलं. दुसरा पत्रा आणला, चांगल्या लोखंडाला धरून दाट रिबीट मारले, खालून लोखंडी पट्ट्या आडव्या दिल्या. शेवटी स्वतः आत उभा राहून बैलासारखा नाचला. "आता हत्ती बसवा," तो म्हणाला. कस्तुराबाई म्हणाल्या, "हत्तीच नाचतोय की." तेवढंच.

लिंबाजीच्या पायाला खपली धरल्यावर तो आणि म्हाळसाबाई पहाटेच अणदूरला गेले. रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी यायचे होते. ते यायच्या दिवशी कस्तुराबाईंनी दोनदा घर झाडलं. बाज उन्हात टाकली, पुन्हा आत घेतली. शेजारची नागूबाई चौकशीला आली तिला म्हणाल्या, "मला काय इचारतेस? मी काय रस्त्यावर निजलेय?" आणि ती गेल्यावर वेशीपर्यंत जाऊन आल्या.

दुपार कलताना मोटार आली. धुळीनं पांढरी झालेली, हळूहळू, खाचखळगे चुकवत. अंगणात शिरली आणि थांबली. मागल्या खिडकीतून विमलचा आवाज आला, "माय! अगं झोपच लागली मला. आत्याच कण्हत व्हती वाटभर!"

"माझी हाडं मोडली ती न्हाय दिसत कुणाला," म्हाळसाबाई आतून म्हणाली.

कस्तुराबाई घरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. लेकीकडं जायचं ते पाय पुढच्या खिडकीकडं वळले. चालता चालता त्यांनी पदर डोक्यावरून पुढं, पार कपाळाच्या खाली ओढला, जसा त्या नवऱ्यापुढं ओढत. हिंमतराव बाहेरून आले की सुकाणूमागं बसूनच त्यांच्या हातचं पाणी प्यायचे. लिंबाजीला ते आठवत होतं.

नजर खाली ठेवून, अंग जरा एका बाजूला करून, त्यांनी तांब्या खिडकीशी धरला.

 इंजिन अजून चालू होतं. लिंबाजीनं ते बंद केलं. आईच्या मनगटावर अजून न निघालेला गंजाचा तांबूस डाग होता. त्यानं दोन्ही हातांनी तांब्या घेतला, तोंड न लावता वरून सगळं पाणी प्यायला, आणि रिकामा तांब्या परत दिला.

कस्तुराबाई मागल्या दाराकडं वळल्या. दार उघडून त्यांनी एक हात विमलच्या पाठीखाली घातला. "सावकाश," त्या म्हणाल्या. "घाई न्हाय कुणाला." पदर मात्र त्यांनी अजून मागं सारला नव्हता.