सितेयाची करडं

सुस्वा डोंगराच्या पोटातून कधीकाळी लाव्हा वाहून गेला आणि मागे पोकळ बोगदे राहिले. ते कोणाचे? ज्याची शेळी आत बसते त्याचे, असं सितेयाचं साधं मत होतं. नवरा गेल्यापासून ती पहिल्या बोगद्याच्या तोंडाशी काटेरी फांद्या लावून करडं कोंडायची. बाहेर दिवसा ऊन भाजून काढायचं आणि अंधार पडला की बिबट्या हिंडायचा. बोगदा गेला की करडं गेली. मग सितेयाने खायचं काय, हे विचारायला कोणाला वेळ नव्हता.

सिरोंकाला तर नव्हताच. साथीत त्याची सगळी गुरं मेली होती, तेव्हा सितेयाने आपल्या वाट्याची कालवड त्याला देऊन टाकली होती. आज त्याच्याकडे जे काही शिंगवालं उभं होतं, ती त्या कालवडीचीच पिलावळ. मासाईंमध्ये अशी कालवड दिली-घेतली की दोघं एकमेकांचं नाव टाकतात. मरेपर्यंत हाक एकच, 'पाकितेंग'. हा सोयरा आता नैरोबीच्या पाहुण्यांना बोगदे दाखवून पोट वाढवत होता.

त्या सकाळी तो सहा-सात पाहुणे घेऊन आला. सोबत म्हातारा तोंकेई. बोगद्याच्या तोंडाला फाटक लावायला एका वडीलधाऱ्याने मान हलवली की झालं, म्हणून त्याला गाडीत घालून आणलेला.

"पाकितेंग, आजच्या दिवस करडं बाहेर काढ गं," सिरोंका गोड आवाजात म्हणाला. "पाहुण्यांना वास येतो."

"मग नाकं घरी ठेवून यायचं."

"उद्यापासून इथे फाटकच लागणार आहे."

"आत्ता आजच्या दिवस म्हणालास ना? तोंडं किती आहेत तुला?"

सिरोंका हसला. त्याला वाटलं, विधवा बाई, बोलून बोलून किती बोलेल. करडांना लाथेने बाजूला सारत तो पाहुण्यांना घेऊन आत शिरला. थोड्याच वेळात आतून किंकाळी आली. वटवाघळं भिरभिरत बाहेर पडली. कोणीतरी खडकावर घसरलं होतं, आणि पाहुण्यांपुढे शोभा झाली म्हणून सिरोंका पिसाळला होता.

"सितेया!" तो आतून खेकसला. "ए सितेया, कंदील आण इकडे! बहिरी झालीस का?"

तोंकेई काठीवर रेलला होता, तो सरळ झाला. सितेया जागची हलली नाही.

पाहुणे आपले आपण ठेचकाळत बाहेर आले. मागून सिरोंका.

"काय हाक मारलीस हिला?" तोंकेईने विचारलं.

"गडबडीत निघालं तोंडातून, बाबा."

"गडबडीत कोणी आईला नावाने हाक मारतं का रे?" सितेया म्हणाली. "चाकर समजून बोलावलंस मला. सोयरीक तू मोडलीस, आता माझी कालवड परत कर. तिची वासरं, त्या वासरांची वासरं, सगळी."

"दुष्काळात गुरांची हाडं उरलीत, ती घेऊन काय करशील?"

"चाटत बसेन. तुला काय करायचंय? गुरं तरी दे, नाहीतर गुहा सोड. बोल."

सिरोंकाने तोंकेईकडे पाहिलं.

"मी मान हलवायला आलो होतो," म्हातारा म्हणाला, "पण आता मान धरली बुवा. तिचं तिला दे, नाहीतर इथून तोंड काळं कर."

एका पाहुणीने फोटो काढायला फोन वर केला. सितेयाने लेंड्यांची मूठ भरून फेकली. फोन खाली आला.

"पाकितेंग, ऐक जरा..." सिरोंकाचा आवाज उतरला होता.

"कोण पाकितेंग? माझं नाव सितेया. आत्ताच बोंबललास ना?"

गुरं सोडवेनात, म्हणून त्याने गुहा सोडली; जाताना काट्यांच्या कुंपणाला सणसणीत लाथ घातली. फांद्या उडाल्या, करडं चौफेर पळाली, पाहुणे गाडीत कोंबले गेले आणि धूळ उडवत गाडी उतरणीला लागली. तोंकेई पायीच निघाला. त्याला कोणी बसवून घेतलं नाही.

आजारपणात सिरोंकाच्या याच गाडीने सितेयाला दवाखान्यात नेलं होतं. आता नेणार नव्हती, हे तिला कळत होतं. दूरच्या झुडपात एक करडू ओरडत होतं. सितेया त्याला शिव्या घालत तिकडे निघाली. बाकीची तिने आधीच आत लोटली होती.