सवयीवर उभा पूल

आमच्या शहरावर विनोदी पुस्तक काढायचं, हे आम्हा तिघांना एकाच सुमारास सुचलं. तिघेही पाठोपाठ निवृत्त झालो होतो आणि घरच्यांना आमचा कंटाळा आला होता. मी चाळीस वर्षं दर रविवारी वर्तमानपत्रातून लोकांच्या टोप्या उडवल्या. चित्रकार त्याच पानावर व्यंगचित्रं काढायचा. तिसरा बांधकाम खात्यातला अभियंता. त्याला आम्ही मोजपट्टी म्हणायचो, कारण कुणाकडे चहाला गेला तरी तो आधी जिन्याच्या पायऱ्या मोजायचा आणि दारातच आकडा सांगायचा. माझ्याकडे एकोणीस. वीस वर्षांत त्यात फरक पडला नव्हता, तरी तो मोजायचा.

प्रकाशक "छान आहे, पण" असं म्हणायचे. त्या 'पण'च्या पुढे कुणी गेलं नाही. मग माझ्या भाचीने इंटरनेटवर एक पान उघडून लोकवर्गणी सुरू केली. आम्ही दर आठवड्याला पुस्तकातला एक उतारा टाकायचा, आवडला तर लोकांनी छपाईला हातभार लावायचा, आणि बदल्यात शेवटच्या पानावर त्यांचं नाव छापायचं.

"मामा, लोक पुस्तकासाठी पैसे देत नाहीत, नावासाठी देतात," भाची म्हणाली. माझी निम्मी कारकीर्द तिने एका वाक्यात गुंडाळली, पण वर्गणी जमली.

मोजपट्टीने पुलांवरचं प्रकरण घेतलं. बाजार आणि इस्पितळ यांच्यामधल्या पादचारी पुलावर त्याने अकरा कागद लिहून आणले. शेवटी टाचणीने आणखी एक कागद लावलेला होता. निवृत्तीआधी त्याने खात्याला दिलेल्या अहवालाची ती पोच. तिसऱ्या खांबाला नऊ मिलिमीटरची भेग, मोजल्याची तारीख, पूल बंद करावा अशी शिफारस, आणि वर खात्याचा आवक क्रमांक नि शिक्का.

"हे कशाला?" मी विचारलं.

"विनोद तोच आहे. तीन वर्षं अहवाल देत होतो. दर वेळी शिक्का मारायचे. शिक्का मात्र फार सुबक मारतात हं."

"अरे, आकडा आला की हशा जातो."

"आकडे राहू देत."

"का?"

"राहू देत रे."

आयुष्यभर साहेबांकडून "बघू" ऐकलेला माणूस वाद घालायचं विसरतो. मला वाटलं, त्याला माझं पटलं.

मी लाल पेन घेतलं. अकरा कागदांतलं दीड पान उरलं. पोचही प्रकरणाचाच भाग समजून मी तिच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली आणि समासात शेरा लिहिला. त्या सगळ्याच्या जागी माझं एक वाक्य आलं: 'हा पूल सिमेंटवर नाही, सवयीवर उभा आहे.'

हे वाक्य चाललं. लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. चित्रकाराने पुलाखाली खांबाऐवजी जांभई देणारा कारकून काढला, तेच मुखपृष्ठ झालं. इस्पितळात चादरी नि गणवेश शिवणाऱ्या एका बाईंनी पानावर लिहिलं, 'मी रोज दोनदा त्या पुलावरून जाते. आता पहिल्या पायरीवर पाय ठेवताना "सवयीने" म्हणते आणि चढते. माझं नाव नक्की छापा.' आम्ही छापलं. यादीत सदतिसावं.

पुस्तकांचे खोके सोमवारी माझ्या बैठकीच्या खोलीत आले. मंगळवारी सकाळी साडेनऊला तिसरा खांब खचला. पाच माणसं गेली. शिवणकाम करणाऱ्या बाई त्यांतल्या एक.

चौकशी बसली. खात्याने सांगितलं, धोक्याची सूचना कधी आलीच नव्हती. फायलीचा पुठ्ठा होता, आत काही नव्हतं. शेवटच्या पाहणीच्या नोंदीखाली मात्र मोजपट्टीची सही होती, त्यामुळे नाव त्याचं घेतलं जाऊ लागलं. त्याच्या सुनेला दूधवाल्याने विचारलं, तुमचे सासरेच ना ते.

तो माझ्याकडे आला. दारात आकडा सांगितला नाही.

"ती पोच तुझ्याकडे आहे ना? टाचणीने लावलेली. तेवढा आवक क्रमांक मिळाला तर त्यांच्या रजिस्टरात नोंद सापडेल. माझ्या बाकीच्या प्रती खात्यातच राहिल्या."

"रद्दीत गेली असेल," मी म्हणालो.

टेबलाचा खण माझ्या पाठीमागेच होता. चाळीस वर्षं मी खोटं बोलणारे अधिकारी पकडून पोट भरलं, त्यामुळे ते कसं बोलायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि जास्त काही जोडायचं नाही.

"जरा बघशील?"

"बघू," मी म्हणालो.

तो खोक्यांना वळसा घालून निघून गेला. त्या कागदावर माझं अक्षर होतं, एवढंच कारण. दुसरं शोधायचा मी बराच प्रयत्न केला.

भाचीचं म्हणणं होतं, सगळ्या प्रतींतून ते पान फाडावं. चित्रकार म्हणाला, "आणि मुखपृष्ठ? ते पण फाडू? मग उरेल काय, बांधणीचा दोरा?" तो तीन दिवस हसला नव्हता आणि हे बोलतानाही हसला नाही.

चौथ्या दिवशी एक म्हातारी जिना चढून आली. दर चार पायऱ्यांनी थांबल्याचं ऐकू येत होतं. त्या बाईंच्या सासूबाई.

"पुस्तक न्यायला आले भाऊ. सूनबाईने पैसे भरलेत. पावती सापडत नाही."

"पावती नको ताई. बसा."

मी प्रत दिली. त्यांनी चष्मा लावून थेट शेवटचं पान काढलं आणि सदतिसाव्या नावावर बोट ठेवलं.

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "शाळेच्या दाखल्यावर चूक होती. हयातभर चूकच वापरली तिने." मग पानं मागे उलटत विचारलं, "माझ्यावर काही नाही ना लिहिलं यात? मला म्हणायची, तुमच्यावर वेगळं पुस्तक निघेल."

"नाही."

"ते सवयीचं कुठंय?"

मी पान काढून दिलं. त्यांनी ओठ हलवत वाचलं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"मी तिला सांगितलं होतं, पुलाच्या खांबाला भेगा दिसतात, लांबून जात जा. तर मला म्हणाली, आई, तो पूल पडायचा नाही, लोक त्याच्यावर विनोद करतात. धोका असता तर कुणी हसलं असतं का?" त्यांनी पुस्तक पिशवीत ठेवलं. "मलाही पटलं."

त्या गेल्यावर मी खण उघडला. पोच वरच होती. मी ती कधी आत ढकललीही नव्हती.

चौकशीच्या कचेरीत मोजपट्टी आधीच बाकावर बसला होता. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने शिक्का पाहिला, रेघ पाहिली, समासातला शेरा वाचला.

"रद्दीवाला फार प्रामाणिक निघाला," तो म्हणाला.

आत लेखनिकाने रजिस्टर मागवलं. आवक क्रमांक जुळला, तारीख जुळली. "नोंद आहे," अधिकारी म्हणाले. मोजपट्टीने तळहात मांडीवर पुसले. त्याला जायला सांगितलं. मला थांबवलं.

"हा लाल शेरा खात्यातल्या कुणाचा?"

"नाही. माझा."

"वाचून दाखवा."

अक्षर वाचता येण्यासारखं होतं, पण नियम असावा.

"कंटाळवाणं. काढावं."

"कारण?"

"हशा जात होता."

लेखनिकाने मान वर केली, मग तसंच लिहून घेतलं, आणि पुन्हा वाचून दाखवलं: हशा जात होता म्हणून काढले. बरोबर? मी बरोबर म्हणालो. त्याने बोटाने जागा दाखवली. तिथे मी सही केली, रविवारच्या मजकुराखाली असायची तीच.

बाहेर बाक रिकामा होता. मोजपट्टी जिन्याच्या तळाशी पोचला होता. मी वरून हाक मारली. तो थांबला नाही. मग मीच उतरताना पायऱ्या मोजल्या. बावीस.