गोडसर वास

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो, पण म्हातारपणाचे रडगाणे गाणारा नाही. रंग उडाला, पत्रा गंजला, त्याचे मला काही वाटत नाही. मला वाईट वाटते ते एवढेच, की मला कानठळ्या बसवणारा हॉर्न दिला, पण दोन शब्द बोलायला जीभ दिली नाही.

दोन भावांनी मला मिळून घेतले. सकाळी थोरला मला चालवी, दुपारपासून संध्याकाळपर्यंत धाकटा. धाकटा ताडमाड उंच, म्हणून थोरला त्याला लंबू म्हणे. रोज सकाळी सीट पुढे ओढताना त्याची कुरकुर ठरलेली, "या लंबूने सीट पार मागे नेऊन ठेवली!" आम्ही खिडक्यांच्या काचा वाहायचो. एकही तडा जाऊ दिला नाही. गोदामातले लोक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "गाडी असावी तर अशी!" मीही तेव्हा भाव खाऊन घेई.

मग माझे कूलंट कमी होऊ लागले. इंजिन तापू नये म्हणून फिरणारे हे हिरवे पाणी कुठे जाते, कळेना. जमिनीवर ओल नाही, धूर पांढरा नाही. धाकटा संध्याकाळी कूलंटची टाकी खुणेपर्यंत भरून मला उभा करी आणि सकाळी थोरल्याला ती खाली गेलेली दिसे. गॅरेजच्या मिस्त्रींनी रेडिएटर तपासला, झाकण बदलले, पाण्याचा पंप बदलला. पण दर वेळी मी तापलेला असतानाच ते मला तपासत आणि तेव्हा एक थेंबही गळत नसे.

"दादा, सकाळी इंजिन गरम होताना केबिनमध्ये गोडसर वास येतो का रे? परवा सकाळी मी गाडी काढली तेव्हा मला आला," धाकटा एकदा म्हणाला.

"तुला भूक लागली असेल!" थोरला हसला. त्याचे नाक सर्दीने कायम बंद. मला मात्र हसू आले नाही. वास माझ्याच पोटातून येत होता.

एके दिवशी चढावर माझा तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. थोरल्याने मला जेमतेम कडेला घेतले. दुपारी धाकटा येताच थोरल्याचा तोल सुटला.

"टाकी भरली म्हणून थापा मारतोस! इंजिन गेलं असतं तर घर कशावर चालवलं असतं?"

"भरली होती, दादा."

"मग पाणी काय मी प्यायलो?"

धाकट्याने चावी माझ्या पायरीवर ठेवली. "ज्याच्यावर विश्वास आहे, त्याला दे ही," एवढे बोलून तो निघून गेला. मी ओरडून सांगायला हवे होते. पण किल्ली फिरवल्याशिवाय माझ्याकडून आवाजसुद्धा निघत नाही.

त्या संध्याकाळी टाकी थोरल्याने स्वतः भरली. सकाळी स्वतः उघडली. पाणी खाली गेले होते. झाकण लावून त्याने मला थेट मिस्त्रींकडे नेले.

मिस्त्री म्हणाले, "आज ही इथेच राहू दे. पूर्ण गार झाल्यावर बघू." दुसऱ्या दिवशी, मला सुरू न करताच, त्यांनी इंजिनाखालचे झाकण काढले. आवाज दबावा म्हणून त्यात जाड अस्तर असते. ते चिंब भिजले होते. इंजिनामागच्या रबरी पाइपची क्लिप ढिली झाली होती. गार झाल्यावर रबर आकसे आणि पाणी ठिबके. इंजिन तापले की पाइप घट्ट बसे आणि अस्तर वाळून जाई.

मिस्त्रींनी अस्तर पुढे केले. "वास घ्या. गोडसर येतोय ना?"

थोरल्याने ते नाकाशी धरले; बंद नाकातूनही तो वास शिरला. मग त्याने फोन लावला. "लंबू, क्लिप ढिली होती रे. तू खरं बोलत होतास. चुकलं माझं. ये परत."

धाकट्याचा आवाज शांत होता. "सापडली ना? बरं झालं, दादा, इंजिन वाचलं. मी दुसऱ्या मालकांची गाडी धरलीय. त्यांना शब्द दिलाय."

मित्रांनो, तुमच्या गाडीतले पाणी कमी झाले तर ती गार असताना एकदा खाली वाकून बघा. आणि माणसावर बोट ठेवण्याआधी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या. क्लिप आवळायला मिस्त्रींना एक क्षण पुरला.

आता थोरला एकटाच मला चालवतो. माझी सीट पुढेमागे करायचे खरे तर काही कारण उरलेले नाही. तरी कधी कधी संध्याकाळी उतरताना तो ती पार मागे सरकवून ठेवतो. सकाळी पुन्हा पुढे ओढतो आणि अजिबात कुरकुरत नाही.