पाच सेकंदांची बादली

"हात लावू नका, काका. बांध माझा मी घालते."

मोजणीवाली ओढ्यात पोटरीभर पाण्यात उभी होती. दगड बसवत, चिखल थापत तिने हातभर उंचीचा बांध घातला, मधोमध नळी बसवली आणि खाली वीस लिटरची बादली धरली. भर उन्हाळ्यात ओढा किती वाहतो आणि त्यावर किती शेती भिजेल, हे ठरवायचं तिचं काम. घड्याळ लावलं, तर बादली पाच सेकंदांत भरली!

काठावर उभा असलेला बागवाला खूश. "बघितलंस? आटायचं नावच नाही! आता माझ्या बागेला पंप मंजूर करून टाक."

तिने धारेखाली हात धरला. कोमट. ओढ्यात येणारं झऱ्याचं पाणी सकाळच्या वेळी बोटं बधिर करतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणजे थेरड्याने टेकाडावरच्या आपल्या तळ्याची झडप उघडली होती. मोजणीपुरती!

शंका आली की मोजणी रद्द करायची, हा नियम तिला तोंडपाठ होता. पण तीस वर्षांपूर्वी इथेच तिच्या बाबांनी असाच बांध घातला होता, खालच्या वांग्यांसाठी. "ज्याची जमीन वर, त्याचं पाणी," म्हणत याने तो लाथेने उडवला. आणि बाबांनी हात जोडले. जोडले! लाथेपेक्षा तिला ते हातच जास्त सलत. आठवड्यात वांगी करपली. मेल्याला आज ती कोण, हेही आठवत नव्हतं.

तिने कागदावर लिहिलं, पाच सेकंद.

"वाचून घ्या, काका."

"त्यात काय वाचायचं? सही कुठे करू ते सांग."

त्याने ऐटीत सही ठोकली. तिने कागद पिशवीत घातला आणि मग सावकाश सांगितलं, "वीस सेकंदांच्या आत बादली भरली की ओढा सगळ्यांचा धरतात. खालच्या सात शेतांना पाट निघणार. जमीन वर तुमची, सही तुमची, म्हणून पावसापर्यंत एवढं पाणी खाली सोडायची जबाबदारीही तुमची."

"अगं, पण हे पाणी ओढ्याचं…"

"ओढ्याचं नाही? मग कुठलं?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार! सांगावं तर लबाडी उघडी, न सांगावं तर तळं जातं.

"पोरी, महिन्यात तळं कोरडं पडेल. बाग जळेल गं माझी." आणि त्याने हात जोडले.

तिने ते हात डोळे भरून पाहिले. बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं. जाताना एवढंच म्हणाली, "बांधाला पाय लावू नका."

घरी बाबा ओसरीवर बसले होते. त्यांना आता दिसत नसे. तिने बाटलीतून आणलेलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं.

"ओढ्याचं आहे, बाबा. आपल्या शेतात येणार आता."

"कोमट लागतंय, शेवाळाचा वासही येतोय," बाबा म्हणाले. "तळं सोडलं होय त्याने?"

"सोडलं. आणि आता पावसापर्यंत सोडत बसेल. हात जोडले त्याने माझ्यापुढे!"

बाबा हसतील, असं तिला वाटलं होतं. त्यांच्या बोटांतून पाणी गळत राहिलं.

"वाईट दिसतात गं," ते म्हणाले, "जोडलेले हात."

ती रिकामी बाटली घेऊन तिथेच उभी राहिली.