दारावरची वर्डेल

“वर्डेल, माझा चष्मा!” मी किंचाळले, पण तोवर रोलर कोस्टरची आमची गाडी शिखरावरून खाली सुटली होती. समोरचं सगळं तळं, निळं आणि धूसर, अंगावर धावून आलं. मी प्रभूचं नाव घेत बोंबलत होते आणि माझ्या शेजारी वर्डेल पेटिग्रू ताठ मानेनं, ओठ मिटून बसली होती. एका हातात तिनं माझा चष्मा जपून धरला होता आणि दुसऱ्या हातातल्या थीम पार्कच्या घडी घातलेल्या नकाशानं ती मला वारा घालत होती.

उताराच्या तळाशी कॅमेरा असतो. बाहेर पडताना तो फोटो आमच्यातल्या तिसरीनं, क्लिओथानं पाहिला आणि तिनं कपाळावर हात मारला. फोटोत एकतीस माणसांची तोंडं वासलेली आणि एकच मिटलेलं.

“अगं बाई, तुला इथं कशाला आणलंय आम्ही?” क्लिओथा तिच्यावर उखडली. “वारा घालायला?”

“सवय गं,” वर्डेल म्हणाली. तिचा आवाज तेव्हा आधीच बसलेला, कोरड्या पानांवरून कुणी चालावं तसा. “ही ओझेला ओरडायला लागली. माझा हात आपोआप गेला.”

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तो फोटो क्लिओथाच्या फ्रिजवर अजून आहे.

आम्ही तिघी अमेरिकेतल्या टोलेडोच्या एकाच चर्चमधल्या. रविवारी पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे घालून दारावर सेवा करायची. काम म्हटलं तर काहीच नाही. आलेल्याला जागेवर नेऊन बसवायचं. मधल्या वाटेवर किती जागा रिकाम्या आहेत ते बोटांनी एकमेकींना सांगायचं. बाकी वेळ डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवून उभं राहायचं. एक शब्द बोलायचा नाही.

आता पास्टर टॉलिव्हरांचं प्रवचन ज्यानं ऐकलंय त्यालाच हे किती अवघड ते कळेल. आधी ते नुसते बोलतात, शेजाऱ्याशी बोलावं तसे. मग हळूच बोलण्याला सूर लागतो. ऑर्गनवाला मागून तो सूर उचलतो, पास्टर एक ओळ टाकतात, ऑर्गन तिला उत्तर देतो, लोक टाळ्यांनी ठेका धरतात आणि बघता बघता सगळं प्रवचन गाणं होऊन छताला लागतं. माझ्या आयुष्यातलं सगळं दुःख मी त्या सुरांवर वाहून टाकलंय. लोक उठतात, नाचतात, आरोळ्या देतात, रडतात. ज्याच्या अंगात आनंद शिरतो त्याच्यापाशी दारावरचीनं जायचं. चष्मा असेल तर काढून घ्यायचा, म्हणजे फुटत नाही. पंख्यानं वारा घालायचा, पडू द्यायचं नाही. आपण मात्र गप्प.

आमच्या पाळ्या बदलत. पाळी नसेल तेव्हा मी आणि क्लिओथा बाकावर बसून मनसोक्त ओरडून घेत असू. वर्डेल मात्र पाळी नसतानाही दारावर. एकोणचाळीस वर्षं. तिचं बाकीचं आयुष्य गेलं रुग्णालयाच्या धुलाईघरात. तिथं यंत्रांच्या घरघरीत बोललेलं ऐकूच येत नाही. तिथंही सगळं हातांनी. घरी नवरा लायनेल. देवमाणूस, पण दुसऱ्याला तोंड उघडू न देणारा. एका जागी बोलायची मनाई, दुसरीकडे ऐकू येण्याची सोय नाही आणि तिसरीकडे पाळीच यायची नाही. कधी तक्रार म्हणून नाही. रस्त्यात भेटली तर नुसती हसून तुमच्या दंडाला हात लावायची आणि तुम्हाला वाटायचं, कुणीतरी आपलं सगळं ऐकून घेतलं.

त्या जुलैत तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रच काढावं लागेल. ऑगस्टचा दुसरा गुरुवार ठरला.

“मला एकदा ओरडायचंय,” ती आम्हाला म्हणाली. चर्चच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो आम्ही. “त्या गुरुवारच्या आधी एकदा. प्रभूनं दिलेला आवाज, न वापरता परत कसा करू?”

पास्टरांना कळलं तेव्हा त्यांनी तिला हुकूमच केला, “वर्डेलबाई, या रविवारी तुम्ही बाकावर बसायचं. प्रवचन तुमच्यासाठी.” आणि काय गायले ते त्या दिवशी! पण पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मिसेस ओग्ल्स्बी उभ्या राहिल्या मात्र, वर्डेल उठली, त्यांचा चष्मा काढला आणि पंखा घेऊन उभी राहिली.

म्हणून क्लिओथानं ही शक्कल काढली. “ओरडणं हेच जिथं काम आहे तिथं नेऊ हिला.” डॉक्टरांनाही विचारून झालं. ते म्हणाले, गुरुवारी स्वरयंत्र काढायचंच आहे, आता आवाज जपून कुणासाठी ठेवताय? शनिवारी सकाळी आम्ही तळ्याकाठच्या त्या थीम पार्कला निघालो. तिघीही साठीच्या पुढच्या, सारखे जांभळे टी-शर्ट घातलेल्या.

दुसऱ्या फेरीला मी चष्मा आधीच पर्समध्ये ठेवला आणि नकाशा क्लिओथानं काढून घेतला. उपयोग शून्य. गाडी खाली सुटली तेव्हा वर्डेलचा डावा हात वळून कमरेमागे गेला आणि ती तशीच बसून राहिली, जणू खालून पाहुणे येणार आहेत आणि त्यांना जागा दाखवायचीय.

जेवायला आम्ही बाहेर आमच्या मोटारीपाशी आलो. डिकी उघडून, तिच्या काठावर बसून, घरचं तळलेलं चिकन, बटाट्याचं सॅलड आणि क्लिओथाचा लोण्याचा केक काढला.

“चिमटा काढू का हिला?” क्लिओथा चिकनचं हाड नाचवत म्हणाली. “लायनेलला फोन लावू? त्याचं बोलणं ऐकून तरी ओरडेल.”

वर्डेल हसली, मग हसता हसता थांबली. केकचा तुकडा तिनं तसाच कागदावर ठेवला.

“सवय नाही गं ती नुसती,” ती हळू म्हणाली. “मला भीती वाटते.”

“गाडीची?”

“गाडीची कसली! मी सुरू झाले तर थांबेन कशी? एकोणचाळीस वर्षांचं आहे आत. मी लोकांना कोसळताना बघितलंय, ओझेला. पण त्यांना माहीत असतं, पडलो तर वर्डेल आहे.” तिनं आपला चष्मा सारखा केला. “माझा चष्मा कोण काढणार?”

एकोणचाळीस वर्षं ती आमच्या मागे उभी होती आणि तिच्या मागे कुणी आहे का, हे बघायला आम्ही एकदाही मान वळवली नव्हती.

मी पर्स उघडली. दारावरच्या बाईच्या पर्समध्ये हातमोज्यांचा एक जोड असतोच; इमर्जन्सीला. मी हात पुसले, पांढरे हातमोजे चढवले, बोटांच्या फटी नीट बसवल्या.

“सिस्टर पेटिग्रू,” मी म्हणाले, “आज दारावर मी आहे. तुमची पाळी नाही. चला, तुम्हाला जागा दाखवते.”

भर उन्हात, जांभळ्या टी-शर्टवर पांढरे हातमोजे घालून मी तिला त्या रांगेतून पुढे नेलं. लोक बाजूला झाले. का झाले, त्यांनाही सांगता आलं नसतं.

आम्ही दोघी एका बाकावर. मागच्या बाकावर क्लिओथा आणि तिच्या शेजारी हातभर गोंदलेला एक दाढीवाला. गाडी चढू लागली. साखळीचा आवाज, कट, कट, कट. वर्डेलनं डोळे मिटले. अर्ध्या चढावर तिच्या ओठांतून काहीतरी निघालं. आधी नुसतं बोलणं.

“मी दारात उभी होते, प्रभू.”

कट, कट, कट.

“ऊन होतं तेव्हा उभी होते.” आता त्याला सूर लागला होता. खरखरीत, तुटका, पण पास्टरांचाच सूर. “बर्फ होता तेव्हा उभी होते. आई गेली तेव्हा उभी होते.”

“उभी होतीस!” मागून क्लिओथा गरजली.

“सगळ्यांना बसवलं, प्रभू, मी उभी होते.”

“सांग त्याला!”

“आता माझ्यासाठी जागा बघ! आता मला बसव! आता मला—”

“आमेन!” दाढीवाला म्हणाला. त्याला काय कळलं होतं देव जाणे.

शिखरावर गाडी क्षणभर थबकली. मी हात पुढे करून तिचा चष्मा काढला. आणि आम्ही सुटलो.

मी त्या आवाजाचं वर्णन करणार नाही. इतकंच सांगते की तो किंचाळीचा नव्हता. सबंध उतारभर तो पडला नाही, वळणावर तुटला नाही. एका दमात एकोणचाळीस वर्षं बाहेर पडली. माझ्या छातीत उत्तर उसळून आलं, पण मी ओठ मिटले. एका हातात तिचा चष्मा, दुसरा हात तिच्या पाठीवर. मी पाळीवर होते.

खाली थांबलो तेव्हा तिचा चेहरा ओलाचिंब होता. उतरवून घेणारी मुलगी घाबरून म्हणाली, “आजी, बरं वाटतंय ना?” वर्डेलनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं हसून त्या मुलीच्या दंडाला हात लावला.

त्या फेरीचा फोटो बघायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही.

ऑपरेशननंतर आठव्या रविवारी ती गळ्याला रेशमी रुमाल बांधून दारावर हजर झाली. मी मधल्या वाटेवर होते. तिनं दोन बोटं वर केली. दोन जागा आहेत का? मी मान डोलावली. त्यानंतर दहा वर्षं ती तिथं उभी होती. त्या काळात चर्चला जोडल्या गेलेल्या कित्येकांना तिला आवाज नाही हे कधी कळलंच नाही. एका तरुण जोडप्यानं मला एकदा विचारलं, “त्या दारावरच्या बाई किती गोड बोलतात, नाव काय त्यांचं?” मी नाव सांगितलं. बाकीचं दुरुस्त केलं नाही.

ती या वसंतात गेली, झोपेत. तिच्या अंत्यविधीला दारावर पाळी माझी होती. मागून घेतली होती. चर्च ओसंडत होतं. तिला उघड्या शवपेटीत पांढऱ्या पोशाखात ठेवलं होतं, हातमोज्यांसकट, आणि अंत्यविधीवाल्यांनी नीट पुसून तिचा चष्माही घातला होता. पास्टर टॉलिव्हर आता ऐंशीचे. ते बोलू लागले, नुसतेच, शेजाऱ्याशी बोलावं तसे. मग हळूच सूर लागला. ऑर्गननं तो उचलला. पहिल्या रांगेत क्लिओथा उभी राहिली.

मी मधल्या वाटेनं पुढे चालत गेले. क्लिओथाला वाटलं, मी तिच्याकडे येतेय. मी तिला ओलांडून पेटीपाशी गेले, वाकले, वर्डेलचा चष्मा अलगद काढला, काड्या मिटून उजव्या मुठीत धरला. मग डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवून तिच्या उशाशी उभी राहिले.