पाच फुटांचा ढाळ

धुळ्यात शहाण्णव साली कॉम्प्युटरवर नकाशे काढणारी ऑफिसं बोटावर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतल्या एकात अभिमन नोकरीला होता. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, खिडकी उघडायची नाही, चहा तर नाहीच नाही. सोवळ्यातल्या देवघराचे असतात तेवढे नियम. गिऱ्हाईक आलं की साहेब त्याला तिथे नेऊन उभं करत. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषा फिरायला लागल्या की गिऱ्हाईक तिथेच अर्धं गार व्हायचं.

ज्ञानचंद शेठ मात्र सहजी गार होणारे नव्हते. दोंडाईच्याजवळ त्यांची कापसातली सरकी काढायची जिनिंग होती. आदल्या हंगामात अवकाळी पाऊस आला, गाड्या उभ्या करायच्या आवारात घोटाभर पाणी साचलं आणि ढीगच्या ढीग कापूस पिवळा पडला. तेव्हापासून शेठनी पाण्याशी वैर धरलं होतं. आता त्यांना सगळं आवार काँक्रीटचं हवं होतं, आणि त्याला असा ढाळ की थेंब थांबता कामा नये.

अभिमननं जागेवर जाऊन जमिनीचे चढउतार मोजून आणले, ते कॉम्प्युटरमध्ये भरले आणि शंभर फुटांना दोन फूट ढाळ धरला. पाणी फाटकाकडून मागच्या भिंतीजवळच्या गटारात जाईल आणि गाड्या जागच्या हलणार नाहीत, असा तो हिशेब होता. चांगला हिशेब होता.

पण शेठना तो दिसेना. ढाळ डोळ्यांना कळावा म्हणून पडद्यावर उंची दहापट वाढवून दाखवायची पद्धत असते. अभिमननं तशी दाखवली तर शेठ दचकले. "हा तर सोनगीरचा किल्ला झाला रे." मग त्यानं खरं माप लावलं, तर आवार पापडासारखं सपाट. "आणि यात ढाळ कुठे आहे?"

"आहे शेठजी. दोन फूट."

"मला दिसत नाही तो पाण्याला काय दिसणार? पाच कर."

अभिमन काही शहरात जन्मलेला नव्हता. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाले काय करतात ते त्याला पाठ होतं. भरलेली चार चाकांची ट्रॉली रांगेत लावायची, ट्रॅक्टर सोडवायचा आणि दुसरी ट्रॉली आणायला निघून जायचं. सुटलेल्या ट्रॉलीला ना ब्रेक ना ड्रायव्हर. जुन्या मातीच्या आवारात चाकं आपापल्या खळग्यात बसायची, म्हणून कधी काही झालं नाही. गुळगुळीत काँक्रीटवर कुठला आलाय खळगा?

त्यानं हे शेठना सांगितलं. एकदाच सांगितलं.

"दगड लावतील की चाकाला," शेठ म्हणाले. "बरं, ते राहू दे. तू बहिणीच्या कामाचं म्हणत होतास ना?"

ताईबाई त्याची धाकटी बहीण. नवरा सुरतेला गेला आणि तिकडेच दुसरीबरोबर राहिला. वर्षाच्या पोराला घेऊन ही भावाच्या दारात. दोन खोल्या, एक चूल, दोन बायका. अभिमनची बायको तोंडानं काही बोलत नव्हती, भांडी तेवढी आपटत होती. बहीण सुखानं राहायची तर तिच्या हाताला काम हवं, एवढं एकच अभिमनच्या डोक्यात घोळत होतं.

"तिला कापूस निवडायला लावून टाकू, हंगामापासून," शेठ म्हणाले. "राहायला खोलीही आहे आवारात."

अभिमननं दोनच्या जागी पाच टाकले. कॉम्प्युटरनं कसलीही तक्रार केली नाही. रेषा निमूट उठल्या आणि नव्या जागी जाऊन बसल्या. शेठ खूश झाले, साहेब खूश झाले. अभिमनलाही त्या रात्री छान झोप लागली.

नवं आवार बांधून झालं, हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हर लोकांनी आवाराची नाडी ओळखली. जो तो येताना रस्त्यावरचा दगड घेऊन यायचा, चाकाखाली सारायचा आणि जाताना तिथेच टाकायचा. आवारभर दगडच दगड झाले.

मग आवाराच्या उद्घाटनाचा दिवस ठरला. अभिमननं काढलेलं आवाराचं मोठं रंगीत चित्र फ्रेम करून जिनिंगच्या ऑफिसात लावलं होतं. शेठ सकाळी त्या चित्रापुढे उभे राहिले, मग खिडकीतून बाहेर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "चित्रात दगड आहेत का रे अभिमन? पाहुणे यायच्या आत सगळे उचला."

कापूस निवडणाऱ्या बायका घमेली घेऊन कामाला लागल्या. ताईबाई भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन अभिमनसमोर थांबली.

"भाऊ, दगडे काबर उचलाले लावतस? गाड्या कशावर थांबतीन?"

"आजचा दिवस गं. उद्या परत आणतील," अभिमन म्हणाला. अंगावर नवा शर्ट होता आणि साहेब जवळच उभे होते.

पाहुणे आले, नारळ फुटला, पेढे वाटले. दुपारी पाहुणे गेल्यावर कामाला पुन्हा सुरुवात झाली. भटू नावाचा ड्रायव्हर फाटकाशी वरच्या अंगाला ट्रॉली लावून ट्रॅक्टर सोडवत होता. दगडासाठी त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मिळेना, तेव्हा विटेचा एक तुकडा चाकाखाली सारला आणि गेला.

आवारात झाड नव्हतं. निवडणाऱ्या बायका उन्हाच्या वेळी उभ्या ट्रॉलीच्या खाली झोळ्या बांधून पोरं निजवत. ताईबाईचं पोर मागच्या भिंतीला टेकलेल्या शेवटच्या ट्रॉलीखाली झोपलं होतं.

वीट फुटली. ट्रॉली आधी माणसाच्या चालीनं निघाली, म्हणून कुणाच्या लक्षात आली नाही. मग ती धावायला लागली. बायका ओरडल्या. ताईबाई ओरडली नाही, ती पळाली. झोळी सोडायला वेळ नव्हता. तिनं पोराला खसकन ओढून बाजूला फेकलं आणि ती स्वतः दोन ट्रॉल्यांच्या मध्ये सापडली.

पोराला खरचटलंसुद्धा नाही. ताईबाईचे दोन्ही पाय गुडघ्याच्या वर कापावे लागले.

भटूला पोलिसांनी त्याच संध्याकाळी उचललं. दवाखान्याच्या व्हरांड्यात शेठनी अभिमनच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या तुझा जबाब घेतील. ड्रायव्हरनं दगड लावला नाही, एवढंच सांग. ते काही खोटं नाही. बहिणीचं सगळं मी बघेन."

ते खोटं नव्हतं, हेच अभिमनला सोसेना. तो आत गेला. चादर कमरेपासून थोड्याच अंतरावर सपाट झाली होती. तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्याची नजर तिथेच गेली. त्याला स्वतःची शिसारी आली.

"ताईबाई, मी उद्या खरं सांगणार आहे," तो म्हणाला. "ढाळ मी वाढवला. ट्रॉल्या सुटतील हे मला ठाऊक होतं. भटूच्या घरी लेकरं आहेत, त्याचा दोष नाही."

ताईबाईनं छताकडची नजर त्याच्याकडे वळवली. ती रडेल, शिव्या देईल असं त्याला वाटलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "दगडे मीच उचलात, भाऊ. माले समजत नही का?"

"मग उद्या..."

"उद्या तू काही बोलू नको." तिचा आवाज अगदी शांत होता. "तुनी नोकरी गयी ते मना पोराले कोन पोसी? आते मी ते उभी राहू शकत नही."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पोराला मांडीवर घेतलं होतं. अभिमननं त्याला उचललं आणि बहिणीच्या कुशीत ठेवलं.

सकाळी जबाब झाला. ड्रायव्हरनं चाकाला दगड लावला नव्हता, असं अभिमननं सांगितलं आणि खाली सही केली.